स्वभावाला औषध

आमच्या घरात अण्णांविषयीची कुठलीही तक्रार शेवटी एकाच वाक्यावर येऊन थांबायची. ‘स्वभावाला औषध नाही.’ आई ते चिडून म्हणायची नाही. भाकऱ्या झाल्या की तवा उतरवून ठेवावा तशी म्हणायची, आणि विषय मिटायचा. अण्णा चार माणसांत बोलत नाहीत, स्वभावाला औषध नाही. आत्याच्या किश्शाला अख्खी खोली हसून लोळतेय आणि हे मख्ख बसलेत, स्वभावाला औषध नाही. २००७ साली बारावीच्या निकालाच्या दिवशी मी पेढे घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले, तेव्हाही त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. ‘बरं झालं’ म्हणाले, पेढा तोंडात टाकला आणि पंख्याकडे बघत बसले. तो पेढा मला पुढे बरीच वर्षं सलत राहिला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, बेस्टमध्ये कंडक्टर. वडाळा डेपो, बत्तीस वर्षं. खाकी कपडे, बिल्ला, खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांची पत्र्याची पेटी आणि पंच. लालबागच्या आमच्या चाळीचा जिना चढताना ते रिकामा पंच सवयीने कठड्यावर वाजवत यायचे. टक टक, टक टक. ते ऐकून आई चहाचं आधण ठेवायची.

मी मानसशास्त्र घेतलं, त्याचं खरं कारण सांगायला आता हरकत नाही. अर्थशास्त्रात आकडेमोड होती. चाळीत मात्र बातमी पसरली की अमक्यांची मुलगी वेड्यांचं शिकते. ‘सांग बघू माझ्या मनात काय चाललंय’ हा प्रश्न मला त्या काळात आठवड्यातून दोनदा तरी ऐकावा लागे. तिसऱ्या वर्षाला वर्तनाच्या जैविक पायाविषयीचा एक पेपर होता. आम्हाला वाटलं होतं, स्वप्नं, दडपलेल्या इच्छा, असलं काहीतरी चमचमीत येईल. सायन्स नको म्हणून आर्ट्सला पळून आलेल्या चाळीस मुलींसमोर मॅडमनी पहिल्याच दिवशी फळ्यावर सोडियम आणि पोटॅशियम लिहिलं. चेतापेशी काही करत नसते तेव्हाही तिच्या आत-बाहेर साधारण सत्तर मिलिव्होल्टचा फरक असतो, म्हणाल्या. शेजारची मैत्रीण कुजबुजली, ‘म्हणजे झोपलेल्या माणसाचंही मीटर चालूच.’

माझं सगळं शिक्षण मराठीतून. शाळेच्या पुस्तकात प्रमस्तिष्क आणि अनुमस्तिष्क होतं, कॉलेजच्या पुस्तकात सेरेब्रम आणि सेरेबेलम. परीक्षेत एक, डोक्यात दुसरं. आणि घरी अर्थातच भेजा. एका शुक्रवारी मॅडम स्टीलच्या डब्यातून खरोखरच भेजा घेऊन आल्या. बोकडाचा, मटणवाल्याकडून सांगून आणवलेला. निम्मा वर्ग ओढणी नाकाला लावून मागे सरकला. मी पुढे गेले. आमच्याकडे रविवारी तो आई कांद्यावर परतते, त्यामुळे मला त्याचं काही वाटत नव्हतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. हाताला थंडगार, खरवसासारखा मऊ, वरून सुरकुत्या. बोकडाचा शंभर-सव्वाशे ग्रॅमचा, माणसाचा तेराशे-चौदाशे ग्रॅमचा. शरीराच्या वजनात दोन टक्के, पण खाल्लेल्या अन्नातली वीस टक्के ऊर्जा हाच घेतो. मॅडमनी सुरीने मधोमध कापलं आणि खालच्या बाजूच्या देठावर सुरीचं टोक ठेवलं. ‘माणसात इथे एक काळा पट्टा असतो. बोकडात तो असा नजरेत भरत नाही. त्याचं लॅटिन नाव भारी वाटतं, पण अर्थ एवढाच, काळा पदार्थ. त्यातल्या पेशी डोपामाइन नावाचं रसायन बनवतात. त्या मरायला लागल्या की काय होतं, ते सोमवारी.’

सोमवारी त्यांनी खुर्चीत बसून उजवा हात मांडीवर ठेवला आणि अंगठा तर्जनीवर हळूहळू घासत नेला. पुन्हा मागे आणला. पुन्हा नेला. ‘कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार. याला गोळी वळणं म्हणतात. पूर्वी औषधवाले हाताने गोळ्या वळत, त्यावरून. हात स्वस्थ असला की हे सुरू होतं. काही उचलायला गेलं की कमी होतं. सेकंदाला चार ते सहा वेळा.’

मी वहीत लिहिलं, ‘गोळी वळणे, ४–६’. आणि हात थांबला. कारण ही हालचाल मला पाठ होती. अण्णा टीव्ही बघत बसले की त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर असाच सरकत असे. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पेटीतलं तिकीट अंगठ्याने पुढे सारायचं, फाडायचं, पंच करायचं. बत्तीस वर्षांत लाखो वेळा केलेलं काम. नोकरी संपून वर्ष झालं तरी हाताला कळलेलं नाही, असं आम्ही कौतुकाने म्हणायचो. मी स्वतः ते मैत्रिणींना करून दाखवलं होतं.

करी रोडला उतरून घरी येईपर्यंत काय विचार केला, आठवत नाही. अण्णा खाटेवर बसून बातम्या बघत होते. मी दाराआडून हाताकडे बघत उभी राहिले. तिकीट, तिकीट, तिकीट. त्यांनी चहाचा कप उचलला. हात थांबला. कप खाली ठेवला. तिकीट, तिकीट.

पुढचे काही दिवस मी घरात चोरासारखी वागले. प्रकरण वाचायचं, मग घरात शोधायचं. अक्षर बारीक होत जातं, असं पुस्तकात होतं. आईच्या ट्रंकेत अण्णांच्या शेवटच्या वर्षातल्या वे-बिलांच्या, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदांच्या, काही प्रती निघाल्या. ओळीच्या सुरुवातीचे आकडे बरे, शेवटाकडचे मुंग्यांसारखे. वास जातो, असं होतं. आता हे काय नवीन! चाळीत कुणी सुके बोंबील भाजले तर तळमजल्याच्या वाण्यालाही कळतं, आणि अण्णा चार-पाच वर्षं ताटावर बसून विचारायचे, ‘आज काय केलंयस?’ आई म्हणायची, लक्ष नसतं घरात. झोपेत हातपाय झाडले जातात, असं होतं. स्वप्न पडत असताना मेंदूचा देठ एरवी शरीराचे स्नायू सैल करून ठेवतो, म्हणून आपण स्वप्नात धावलो तरी अंथरुणात पडून राहतो. तो चाप ढिला झाला की माणूस स्वप्न अंगाने करू लागतो. कंप सुरू होण्याच्या कितीतरी वर्षं आधी हे होऊ शकतं. अण्णा झोपेत ओरडायचे, ‘सुट्टे द्या! सुट्टे द्या हो!’ आणि एकदा आईच्या दंडावर त्यांचा हात असा बसला की आठवडाभर निळं होतं. त्यावर चाळीच्या हळदीकुंकवात केवढी हसाहशी झाली होती.

आणि चेहरा. चेहऱ्याचे स्नायू कडक होतात, पापणी कमी लवते, माणूस मुखवटा घातल्यासारखा दिसतो. त्याला आतून हसू येत असतं, बाहेर पोचत नाही.

मी पेढ्याशी येऊन थांबले.

आता इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. असं काही हाती लागलं की माणसाला सगळा भूतकाळ त्यात कोंबायचा मोह होतो. अण्णा माझ्या बारशाला हसले नव्हते, तेही या आजाराने? आत्या म्हणते, ते लहानपणापासूनच घुमे. मग घुमेपणा कुठे संपला आणि मुखवटा कुठे सुरू झाला? कंप हाताला दिसेपर्यंत काळ्या पट्ट्यातल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. म्हणजे सुरुवात कधी झाली, त्याची तारीख कुणालाच काढता येत नाही. मी एकदा न राहवून अण्णांना विचारलंच, बारावीच्या निकालाला तुम्हाला आनंद झाला नव्हता का? ते जरा वेळ गप्प बसले. मग त्याच सपाट चेहऱ्याने म्हणाले, ‘डेपोत दोन किलो वाटले की. तुला नाही सांगितलं?’

गल्लीतल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सुया दिल्या होत्या. पुढे एका मोठ्या रुग्णालयात नंबर लावून तीन तास बसलो. तिथल्या डॉक्टरांनी अण्णांचं मनगट धरून फिरवलं, ते दातेरी चाकासारखं अडत अडत फिरलं. अंगठा-बोट जुळवायला लावलं. कागदावर चकलीसारखं वेटोळं काढायला सांगितलं. एवढंच. रक्ताची चाचणी नाही, काही नाही. माणसाकडे नीट बघणं, हीच तपासणी. जेम्स पार्किन्सनने तरी काय केलं होतं? १८१७ मध्ये लंडनच्या या डॉक्टराने कंपवातावर जी पुस्तिका लिहिली, तिच्यात जेमतेम सहा माणसं आहेत. त्यातली काही त्याला रस्त्यात भेटलेली, आणि एकाला तर त्याने लांबूनच पाहिलेलं. बुद्धी आणि इंद्रियं शाबूत राहतात, असं त्याने लिहून ठेवलं. वास त्याच्याही नजरेतून सुटला, आईसारखाच. मलाही तेव्हा ती खोड लागली होती. संध्याकाळच्या लोकलमध्ये समोरच्या बाईचा हात, फलाटावरच्या आजोबांची पावलं, पेपरवाल्याची पापणी. आईने शेवटी दम दिला, ‘लोकांकडे अशी टक लावून बघू नको, मार खाशील.’

अण्णांना आजार समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी वही उघडून बसले. दोन पेशींमध्ये फट असते. वीज फटीच्या अलीकडच्या काठापर्यंत येते, बहुतेक ठिकाणी पलीकडे उडी मारत नाही. पलीकडे जातं ते रसायन. हे सिद्ध कसं झालं, ती गोष्ट मॅडमनी रंगवून सांगितली होती. ऑटो लोवी नावाच्या शास्त्रज्ञाला रात्री स्वप्नात प्रयोग सुचला, त्याने अर्धवट झोपेत कागदावर खरडला आणि सकाळी स्वतःचंच अक्षर त्याला लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं. या वेळी तो उठून थेट प्रयोगशाळेत गेला. एका बेडकाच्या धडधडत्या हृदयाची नस चेतवून त्याची गती कमी केली, त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर घातलं. दुसरंही मंदावलं. म्हणजे निरोप पाण्यातून गेला. १९२१ ची गोष्ट. १९३६ ला नोबेल मिळालं.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. बेडकात त्यांना रस नव्हता. म्हणाले, ‘म्हणजे इंजिन चालू आहे, ड्रायव्हर सीटवर आहे, पण बेल दिल्याशिवाय गाडी सुटत नाही. तसंच ना?’

मी चार पानं लिहून जे सांगू शकले नव्हते, ते तसंच होतं. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. अण्णांच्या डोक्यात दोरी ओढणारे कमी झाले होते.

त्या वर्षी मी त्यांना रोज काही ना काही वाचून दाखवायचे. आमच्या पुस्तकात फिनियस गेज होताच. तो नसलेलं मानसशास्त्राचं पुस्तक मला अजून भेटायचंय. १८४८ मध्ये अमेरिकेत रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना साडेतीन फुटी लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून डोक्यातून बाहेर पडली. तो जगला, पण शिवराळ झाला, कुणाचं ऐकेना. डॉक्टर हार्लोने लिहिलं की मित्र म्हणतात, हा आता गेज राहिलाच नाही. पुस्तक इथे थांबतं. अण्णा थांबले नाहीत. ‘नोकरी गेली का त्याची?’ गेली, रेल्वेने परत घेतलं नाही. ‘मग पोटाचं काय?’ मला माहीत नव्हतं. लायब्ररीत शोधलं तेव्हा कळलं की पुढे तो चिलीत गेला आणि तिथे कितीतरी वर्षं घोड्यांच्या प्रवासी गाड्या हाकत होता. सहा घोडे, डोंगरातले रस्ते, उतारूंचं सामान. असं काम बेताल माणसाकडून व्हायचं नाही. म्हणजे तो बराचसा सावरला असावा. हे अण्णांना सांगितलं तर म्हणाले, ‘म्हणजे आपल्याच लाइनीत आला.’

गोळ्या सुरू झाल्या त्याही एका गोष्टीतून आलेल्या, आणि त्या गोष्टीचा एक धागा आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. परळच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे नीट नोंदी ठेवून ब्रिटिश नियतकालिकात छापलं. वैद्यांना सर्पगंधा जुनीच, जगाला नवी. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि ते जगभर वापरात आलं. मग लक्षात आलं की ते घेणारे काही रुग्ण उदास होतात, मंद होतात. अर्विद कार्लसन या स्वीडिश शास्त्रज्ञाने सशांना रेसर्पिन दिलं. ससे कान पाडून बसले, हलेनात. मग त्यांना एल-डोपाची सुई दिली. थोड्या वेळात कान उभे राहिले आणि ससे हिंडू लागले. डोपामाइन संपलं होतं, ते भरून निघालं. १९५७ सालचं हे काम, त्याचं नोबेल २००० साली. उदासीचं सगळं गणित एखाद्या रसायनाच्या कमी-जास्तीत बसवायची घाईही तेव्हापासूनच सुरू झाली. ते गणित इतकं सोपं नाही, हे आता मानसोपचारवालेही सांगतात. पण कंपवाताच्या बाबतीत ससा खरा ठरला. निव्वळ डोपामाइन दिलं तर रक्तातून मेंदूत शिरत नाही, एल-डोपा शिरतं आणि आत जाऊन डोपामाइन होतं. हेच एल-डोपा खाजकुयलीच्या बियांत असतं, हे ऐकून अण्णांचे डोळे लकाकले. ‘गावाला आम्ही पोरांच्या सदऱ्यात टाकायचो ती?’ तीच. आईने लगेच बियांच्या पावडरीचा विषय काढला. डॉक्टरांनी हात जोडले. किती मात्रा पोटात जाईल त्याचा हिशेब लागत नाही, म्हणाले.

पहिल्या गोळ्यांनी अण्णा त्या सशांसारखेच उठले. महिन्याभरात शर्टाची बटणं स्वतः लावू लागले, जिना उतरून भारतमाता सिनेमापर्यंत चालून येऊ लागले. फक्त वेळ पाळायची. मासळी-डाळीतली प्रथिनं गोळीच्या वाटेत येतात, म्हणून जेवणाआधी तासभर गोळी. अण्णांनी पुठ्ठ्यावर वेळापत्रक लिहून भिंतीला लावलं. ‘पहिली गाडी ६.३०, दुसरी ११.००.’ शेवटची कधी चुकली नाही.

आजकाल डोपामाइन हा शब्द उठता-बसता कानावर येतो. मोबाईल बघितला की डोपामाइन, केक खाल्ला की डोपामाइन, आणि ते कमी करायला म्हणे उपास. मला त्या रीलवाल्यांना आमच्या खाटेपाशी आणून बसवावंसं वाटतं. डोपामाइन म्हणजे आनंद, हे अर्धवट आहे. डोपामाइन नसलं तर खाटेवरून उठण्याची सुरुवातच होत नाही. आनंदाची गोष्ट पुढची.

जास्त झालं तर काय होतं, ते आम्हाला २०१२ मध्ये कळलं. एल-डोपाचा असर लवकर उतरू लागला म्हणून डॉक्टरांनी जोडीला दुसरी गोळी दिली, मेंदूत डोपामाइनची नक्कल करणारी. गुण आला. सात-आठ महिन्यांनी गणपतीच्या साफसफाईत आईने माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत लॉटरीची तिकिटं. शंभर-शंभरचे गठ्ठे, नंबराच्या क्रमाने लावलेले, प्रत्येकाला रबर आणि वर मुंगीच्या अक्षरात बेरीज. सगळी मिळून ३८,५०० रुपये. फंडातले. ज्या माणसाने बत्तीस वर्षांत हिशेबात चाराणे कमी पडले तर खिशातून भरले, घरात पत्त्यांचा डाव मांडू दिला नाही, त्याची ही पेटी. गंमत म्हणजे बऱ्याच तिकिटांचा निकालच पाहिलेला नव्हता.

आई त्या दिवशी ओरडली नाही. डब्याचं झाकण लावून मला म्हणाली, ‘हा काय स्वभाव नाही हो यांचा.’

मी पुस्तक काढलं. तोवर पुस्तकं मोठी झाली होती, माझं एम. ए. व्हायचं होतं. या जातीच्या गोळ्यांनी काही रुग्णांना जुगाराची, खरेदीची, खाण्याची अनावर ओढ लागते, वस्तू तासन्‌तास लावत-काढत बसायची सवय लागते, हे तिथे स्पष्ट छापलेलं होतं. डॉक्टरांनी आधी सांगितलं नव्हतं आणि मीही आधी वाचलं नव्हतं. कुणाला बोल लावायचा? न पाहिलेल्या निकालांचाही तिथे अर्थ लागत होता. माकडांवरचे प्रयोग होते. दिवा लागला की थोड्या वेळाने रस मिळतो, हे माकड शिकलं, की त्याच्या डोपामाइनच्या पेशी रसाला पेटत नाहीत, दिव्याला पेटतात. मिळण्याला नाही, मिळेल या आशेला. अण्णांचा दिवा दादर स्टेशनबाहेरच्या टपरीवर लागत होता.

गोळी हळूहळू कमी करून बंद केली. दोन महिन्यांत ओढ गेली. आई म्हणाली, ‘मग हा स्वभाव औषधाचा होता म्हणायचा.’ सगळ्यांना हायसं वाटलं. मी नातेवाइकांना समजावून सांगितलं, चित्र काढून दाखवलं, आत्याने अण्णांना माफ केलं.

अण्णांनीच केलं नाही. गॅलरीत उभे होते, खालून पाद्यपूजेची वर्गणी मागणारी पोरं चालली होती. म्हणाले, ‘तू सगळ्यांना सांगतेस, गोळीने केलं. मला घ्यावंसं वाटलं म्हणून मी घेतलं. गोळी चालत गेली नाही दादरला.’

मी म्हटलं, ‘अण्णा, पण ते वाटणंच गोळीमुळे होतं.’

‘आणि आता वाटत नाही ते कशामुळे? गोळी नाही म्हणून. मग त्यात माझं काय राहिलं?’ आणि जरा थांबून, ‘आयुष्यभर लोकांना तिकिटं दिली गो बाय. एकदा आपण घेऊन बघावं, असं मनात असायचं पहिल्यापासून.’

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. शाळेपासून ‘कारणे द्या’ हा प्रश्न मी सोडवत आले आणि पैकीच्या पैकी मार्क घेत आले. मराठीत दोन्हीला कारणच म्हणतात, गोळीने काय घडवलं त्यालाही आणि माणसाने काय मनात धरलं त्यालाही. डॉक्टरांनी कारण सांगितलं, अण्णांनी कारण सांगितलं. माझ्या उत्तरपत्रिकेत फक्त पहिलं लिहायला जागा असायची. आता मी शाळेत समुपदेशक आहे. पालक येतात, विचारतात, याचा मेंदूच असा आहे का हो? मी मेंदूचं चित्र काढते, ते मला अजून आवडतं. मग ते बाजूला ठेवून मुलालाच विचारते, तुला काय वाटत होतं रे तेव्हा?

डबा आईने टाकला नाही. त्यात आता लिंबाचं लोणचं आहे.

अलीकडे अण्णांची पावलं अडतात. जिना चढतात, तिथे काही नाही. पायरी दिसली की पाय आपोआप उचलतो. अडतात ते सपाट जमिनीवर आणि हमखास उंबरठ्यात. पाय जमिनीला खिळल्यासारखे, धड पुढे वाकलेलं. समोर आडव्या रेघा आखल्या किंवा कुणी ठेका धरला तर वाट सुटते, कारण मग मेंदू त्या रिकाम्या दोरीवर अवलंबून न राहता दुसऱ्या वाटेने पाय उचलतो. मी लाद्यांवर पिवळ्या चिकटपट्टीचे आडवे पट्टे मारले. काही दिवस छान चाललं. मग आईने फरशी पुसून पुसून ते निघाले.

परवा संध्याकाळी ते गॅलरीतून आत येताना उंबरठ्यात अडकले. मागे शेजारच्या काकू पाण्याची कळशी घेऊन उभ्या. आई आतून ‘अहो, या ना’ म्हणतेय, त्याने तर अधिकच होतं. मी हातातल्या चमच्याने दाराच्या कडीवर वाजवलं. टिंग.

अण्णा हलले नाहीत.

‘चला अण्णा, बेल दिली.’

त्यांनी खालमानेनेच उत्तर दिलं, ‘सिंगल दिलीस.’

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे काहीही नव्हतं. काकू हसल्या की नाही, तेही मी बघितलं नाही. चमचा पुन्हा उचलला आणि दोनदा वाजवला.